प्लायवूडचा आठ फुटी फिश टँक, सांगली: कामाच्या नोंदी

११ जानेवारी

जागा ठरली. हॉलची पूर्वेकडची भिंत, तळमजला. वरची खोली ऐसपैस आहे आणि मुलीचा आग्रह तिथंच ठेवण्याचा होता, पण हिशेब मांडल्यावर तो विषय संपला. बाहेरून माप २४४० × ९१५ × ७६० मिमी. प्लायचा शीट आठ बाय चारचा येतो, त्याची लांबी न कापता वापरायची म्हणून हे माप. पाणी ६८० मिमी उंचीपर्यंत भरलं तर आतल्या मापानं १४३० लिटर होतं, म्हणजे तेवढेच किलो. लाकूड, काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरून सगळं १८०० किलोला टेकतं. खालची जागा सव्वादोन चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब काढताना खोलीतला भार चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात. वरच्या मजल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

तळमजला म्हटलं की सांगलीत पहिला प्रश्न पुराचा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ते आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं होतं, घरात शिरलं नव्हतं. तरी स्टँड अडीच फूट उंच करायचा आणि पंपाचे प्लग छातीच्या उंचीवर घ्यायचे. यापेक्षा जास्त आपल्या हातात नाही.

सध्याच्या चार फुटी टाकीत दोन ऑस्कर, थोडे सिल्व्हर डॉलर आणि एक प्लेको असे मासे आहेत. ऑस्कर दुकानात बोटाएवढा मिळतो आणि फूटभर होतो. आता तो वळताना शेपटी मागच्या काचेला घासते.

१९ जानेवारी

फरशी तपासली. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं एकेक फरशी ठोकत गेलो. भरीव फरशी टणक वाजते, पोकळ असली की आवाज डब येतो. स्टँडचे दोन पाय नेमके पोकळ फरश्यांवर येत होते. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा मुरुमाचा भराव कुठं ना कुठं बसतोच. गवंड्यानं त्या फरश्या उचलून खाली काँक्रीट भरून दिलं.

स्टँड कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगला दिला. ५० × ५० चा चौकोनी पाईप, ३ मिमी जाडीचा, आठ पाय, प्रत्येक पायाखाली १५० मिमी चौकोनाची ८ मिमी जाड प्लेट. पायावर सव्वादोनशे किलो आले तरी प्लेटमुळे फरशीवर चौरस सेंटिमीटरला किलोभरच पडतो. प्लेट नसती तर तोच भार नुसत्या पाईपच्या कडांवर आला असता.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून वखारीत. १९ मिमी मरीन प्लायचे चार शीट घेतले.

सगळे विचारतात, काचेचाच का नाही करत? चारही बाजू आणि तळ १५ मिमी काचेचा केला तर सात चौरस मीटरच्या वर काच लागते आणि नुसत्या काचेचं वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं. मासे मी बघणार समोरून. मागच्या भिंतीला आणि तळाला काच कशाला? प्लायच्या टाकीत काच फक्त समोर, दीड चौरस मीटर. शिवाय लाकडातून उष्णता काचेपेक्षा बरीच हळू जाते. सांगलीचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला याची किंमत कळेल.

सुतारमामा शीट उतरवून घेताना म्हणाले, "दादा, प्लाय पाण्यात फुगतंय की ओ. किचनच्या सिंकखालचं बघितलंय न्हवं?" बरोबर आहे. पण सिंकखाली जो प्लाय असतो तो बहुतेक वेळा कमर्शियल, म्हणजे साधा. आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकात डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे असा नियम आहे. आणि मुळात इथं प्लायला पाणी लागूच द्यायचं नाही. प्लायनं फक्त दाब झेलायचा. पाणी अडवायचं काम आतून लावायच्या इपॉक्सी रेझिनचं, म्हणजे हार्डनर कालवला की घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचं.

२ फेब्रुवारी

आयएस ७१० चा छाप प्रत्येक शीटवर आहे, पण छापावर किती भरवसा ठेवायचा? मामेभावाच्या मळ्यात हळद शिजवायचं चाललंय. कोपऱ्याचा एक तुकडा तारेनं बांधून हळदीबरोबर काहिलीत सोडला आणि दिवसभर घाण्यामागून घाणा तो आतच राहू दिला. मामेभावाचे मजूर हसत होते. संध्याकाळी बाहेर काढला तेव्हा तुकडा पिवळाधमक. कडा नखानं उचकटून बघितल्या, मग पटाशीची धार थरांमधे घालून पिळली. लाकडाचे तंतू तुटले, डिंकाची रेघ सुटली नाही. ७२ तासांची चाचणी ही नव्हे, पण थर सुटणारा माल असता तर पहिल्या दोन घाण्यांतच पुस्तकासारखा उघडला असता. बायकोनं तो तुकडा आता तव्याखाली ठेवायला घेतलाय.

९ फेब्रुवारी

कापणी. तळ २४४० × ९१५ चा एका शीटमधून, त्यातून उरलेली फूटभर रुंदीची पट्टी मधोमध चिरून वरच्या कडेच्या दोन लांब पट्ट्या. दुसऱ्यातून मागची भिंत. चौथ्यातून दोन्ही बाजू.

तिसऱ्या शीटवर वाद झाला. मामांचं म्हणणं, समोरची चौकट चार पट्ट्या जोडून करू, प्लाय वाचेल. मी अडून बसलो. समोरचा भाग अखंड शीटचा, त्यात २२०० × ५६० ची खिडकी कापायची. जोड आला की कोपरा आला, आणि दाब कोपऱ्यालाच शोधत जातो. खिडकीचे कोपरेही काटकोनात नको म्हणून चहाच्या बशीनं गोलाई आखली. मामांनी जिगसॉनं अशी सफाईदार कापली की मधला तुकडा चौकटीतून निघताना अडकला नाही. तो वाया जात नाही, आडव्या पट्ट्या त्यातूनच निघतील.

जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या दाबाचा विषय निघाला. समोरच्या भिंतीवर पाणी एकूण किती जोर लावणार? पाण्याची उंची ६८ सेंमी, लांबी २४० सेंमी. तळाशी दाब जास्त, वर शून्य, सरासरी निम्म्या उंचीवरचा. आकडा येतो साडेपाचशे किलोच्या आसपास. मामांचा प्रश्न चांगला होता: "मागं-पुढं तीन फुटाच्या जागी फूटभरच ठेवला तर?" तरी तेवढाच. दाब उंचीवर ठरतो, मागं किती पाणी साठलंय त्यावर नाही. हे त्यांना पटलं नाही. भडंग संपेपर्यंत धरणाच्या भिंतीवरून चर्चा चालली, आणि शेवटी "आसंल बाबा" म्हणून ते रंध्याकडे वळले.

१६ फेब्रुवारी

जोडणी. भिंती तळावर बसवल्या, तळाच्या बाजूला नाहीत, म्हणजे वजन सरळ खाली उतरतं. प्रत्येक जोडात इपॉक्सीत बारीक लाकडी भुसा कालवून केलेली लुकण, आणि दर १०० मिमीवर दोन इंची स्टेनलेस स्क्रू. लोखंडी स्क्रू स्वस्त पडतात, पण ओल पोचली की गंजून लाकूड फोडतात. स्क्रूची डोकी खोल बसवून वर लुकण भरली.

२३ फेब्रुवारी

आतल्या सगळ्या कोपऱ्यांना गोलाई दिली. तीच लुकण, पण घट्ट, चपातीच्या कणकेसारखी, आणि चमच्याच्या पाठीनं ओढलेली. यावर रेझिननं चिकटवायचं ग्लास कापड, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड, काटकोनात वळत नाही, मागं हवा धरतं, आणि जिथं हवा तिथं उद्या फोड.

१ मार्च

ग्लास कापड आणायला गेलो तर दुकानदारानं हातात मॅट ठेवली. पाण्याच्या टाक्या, गाड्यांचे बंपर करणारे तीच नेतात, म्हणून. पण ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात. मॅटमधले तुकडे-तुकडे तंतू ज्या चिकट्यानं धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमधे विरघळतो आणि मॅट मऊ होऊन बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठच राहते. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्यायचं. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं घेतलं. पॉलिएस्टर स्वस्त आहे हे खरं, पण लाकडाला ते इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही.

रेझिन पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना आतून लावतात ते, सॉल्व्हंट नसलेलं. आमच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात व्हार्निशचे डबे पडलेले असतात. भाच्यानं विचारलं, तेच का नाही मारत? वायंडिंगला जे चालतं त्यातला थिनर माशांना चालत नाही.

८ मार्च

कापडाचं काम सकाळी साडेसहाला सुरू. दुपारी पारा ३६-३७ ला जातोय आणि रेझिन गरमीत भराभर घट्ट होतं. रेझिन आणि हार्डनर डोळ्याच्या अंदाजानं नाही, काट्यावर तोलून. एका वेळी थोडंच कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमधे ओतायचं.

मुलीला दाखवायला शेवटचा उरलेला घोट प्लास्टिकच्या मगमधेच ठेवला. थोड्या वेळात मग हाताला चटका देऊ लागला, नंतर आतलं रेझिन पिवळं पडून वर धूर निघाला आणि तळ वाकडा झाला. तेच रेझिन ट्रेमधे अजून पातळ होतं. ढिगात तयार झालेली उष्णता बाहेर पडायला जागा नसते, पसरलं की निघून जाते. तिनं मगाचा फोटो काढून वर्गातल्या मुलींना पाठवला. हॉलभर वास राहिला म्हणून आईनं धूप लावला.

हातमोजे सगळ्यांना सक्तीचे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

१५ मार्च

पहिला नुसता रेझिनचा हात, कापडाची वीण भरून काढायला.

२२ मार्च

दुसरा हात, काळा पिगमेंट घालून. संध्याकाळी चारनंतर आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. हवा एकदम दमट. सकाळी बघितलं तर मागच्या भिंतीवर पांढुरकी, मेणचट साय. हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून ती तयार करतो. दिसायला गंभीर, पण ती नुसत्या पाण्यात निघते. कोमट पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी, मग स्वच्छ फडकं. आधी पॉलिश पेपर मारायचा नाही, नाहीतर तीच साय घासून आत दाबली जाते. धुऊन वाळल्यावर १२० नंबरचा पेपर, तोंडाला मास्क. काचेची धूळ छातीत गेलेली बरी नाही.

२९ मार्च

तिसरा हात. बॅटरीचा उजेड भिंतीलगत तिरका मारून टाचणीएवढी भोकं शोधली, खडूनं गोल केले, ब्रशनं भरली. आता आठवडाभर हात लावायचा नाही. कडक व्हायला एक दिवस पुरतो, पुरतं पिकायला सात.

६ एप्रिल

काच आली. २३०० × ६६०, जाडी १५ मिमी, कडा घासलेल्या, वजन ५७ किलो. १२ मिमीत काम निघालं असतं असं काचवाला म्हणत होता. ५६ सेंमीच्या गाळ्यावर आकडेमोड केली तर १२ मिमीवर ताण मर्यादेच्या काठावर येतो, १५ वर बराच खाली राहतो. टफन्ड घेतली नाही. ती एका बारीक घावानं अख्खी खडीसाखर होते. साधी काच तडकते, पण शक्यतो चौकटीत राहते आणि पळापळीला वेळ देते.

१२ एप्रिल

आजचा दिवस सगळ्यात अवघड जाणार हे माहीत होतं. टाकी पालथी, म्हणजे समोरची खिडकी जमिनीकडे, खाली जुन्या गाद्या. वरच्या लांब पट्ट्या बसलेल्या, आडव्या मात्र मुद्दाम बाकी ठेवल्या, नाहीतर काच आत जाणारच नाही. काच आतून बसते. पाणी तिला बाहेर ढकलणार, म्हणजे स्वतःच चौकटीवर दाबून धरणार. बाहेरून चिकटवली असती तर सगळा भार सिलिकॉनच्या ओढीवर आला असता.

काच चौकटीवर ५० मिमी बसते, पण पूर्ण ५० मिमीवर सिलिकॉन फासलं नाही. सिलिकॉन हवेतली ओल खाऊन पिकतं, आणि काच व इपॉक्सी यांच्यामधे हवा फक्त कडेनं पोचते. रुंद थराचं पोट महिना-महिना कच्चं राहतं. म्हणून २० मिमीची एकच जाड, अखंड वात, आणि ३ मिमीचे रबरी तुकडे ठरावीक अंतरावर, काच बसून सगळं सिलिकॉन बाहेर पिळलं जाऊ नये म्हणून. सिलिकॉन व्हिनेगरचा वास येणारं, साधं. बाथरूमला वापरतात ते बुरशीरोधक घ्यायचं नाही, त्यातलं औषध माशांना विष.

काचवाल्याची दोन पोरं व्हॅक्यूम कप घेऊन आली. चौघांनी काच उघड्या बाजूनं आडवी आत सरकवली, कडेच्या पट्टीवरून पार केली आणि मामांनी "सावकाश, सावकाश, डावीकडं टेकू नगा" म्हणत एकाच वेळी चारही कोपरे खाली सोडायला लावले. काच टेकली तसं कडेनं सिलिकॉन एकसारखं फुगून वर आलं. ओल्या बोटानं तेच आतल्या कडेला ओढून घेतलं. काचेवर वाळूच्या चार पिशव्या.

एप्रिलची हवा कोरडी, म्हणून खोलीत पाण्याच्या बादल्या आणि दोरीवर ओली पोती. सिलिकॉन वाळत घालायचं नसतं, त्याला ओल पाजायची असते.

२७ एप्रिल

टाकी उभी करून स्टँडवर चढवली. आठ माणसं आणि शेजारच्या प्रत्येकाचा सल्ला. स्टँडची लेव्हल गवंड्याच्या लेव्हल पाईपनं काढली, दोन पायांखाली पत्र्याच्या चकत्या गेल्या. दोन आडव्या पट्ट्या लांबीचे तीन भाग पाडून स्टेनलेस बोल्ट आणि इपॉक्सीनं बसवल्या. समोरची वरची कड बाहेर फुगायला बघणार, तिला मागच्या कडेशी बांधून ठेवणं हे त्यांचं काम. टँक निपलही, म्हणजे भिंतीतून पाईप काढायचे जोड, लावले, रबरी वायसर आतल्या बाजूला, नट बाहेर.

४ मे

पाणी भरायला घेतलं. नळाला सकाळी येतं तेवढंच, त्यामुळे हप्त्याहप्त्यानं. ते एका परीनं बरंच. आधी २०० मिमी, एक रात्र. मग ४०० मिमी.

समोरच्या वरच्या कडेला दोन टोकांना खिळे मारून नायलॉनचा दोरा ताणलाय, मधलं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. रिकामी असताना १० मिमी होतं. ४०० वर ९.५.

७ मे

६८० मिमी. दोरा ते कड ८ मिमी, म्हणजे मधे फुगवटा २ मिमी. खाली सगळ्या जोडांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्यात, थेंब पडला की शाई पसरते. रात्री आईसुद्धा उठून पट्ट्या बघून आली.

११ मे

पट्ट्या कोरड्या. फुगवटा २ मिमीवरच थांबलाय. वाढत राहिला असता तर काळजी होती. एकदा ताण बसला की लाकूड स्थिर व्हायला हवं, तसं झालं. मामा आले, खाली वाकून पट्ट्यांवरून हात फिरवला आणि "धरलंय" एवढंच म्हणाले. धरणाच्या भिंतीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

चाचणीचं पाणी ओतून देणार नाही. मे महिन्यात सांगलीत १४०० लिटर गटारात सोडलं तर गल्ली बोलायची बंद होईल. तेच ठेवून त्यात नदीची धुतलेली वाळू, बेसाल्टचे गोटे आणि नळातलं क्लोरीन मारायला हायपो.

१४ मे

पंप सुरू, तासाला ६००० लिटरचा, म्हणजे सगळं पाणी तासाला चार वेळा फिल्टरमधून जातं. स्टँडखालच्या फिल्टरच्या टाकीत सिरॅमिक रिंग आणि जुन्या फिल्टरमधला निम्मा स्पंज, न धुता. माशांच्या घाणीतून अमोनिया, त्याचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या मळकट स्पंजातच असतात. नवीन टाकीत ते आपोआप जमायला चार ते सहा आठवडे जातात. त्या जिवाणूंना खाद्य म्हणून थोडा अमोनिया घालून रोज किटनं मोजतोय.

टाकीची बातमी पसरलीय. "आमचा शार्क घेता का?" म्हणून रोज एक फोन. तो शार्क नाही, पंगास आहे, आणि मीटरभराच्या पुढं वाढतो. या टाकीतही तो मावत नाही. सगळ्यांना नकार.

२५ मे

बाहेर ३९. चार फुटी काचेच्या टाकीत पाणी ३३ ला पोचलं, प्लायच्या टाकीत ३०.५. पाणी जास्त आहे त्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय लाकडाला देत नाही. पृष्ठभागावरून छोटा पंखा सोडला की आणखी दोन अंश उतरतं, पण बाष्पीभवनानं रोज बादलीभर पाणी घालावं लागतं.

१ जून

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग चार दिवस. सिल्व्हर डॉलर आधी सोडले, ते घोळक्यात राहतात आणि त्यांना बघून बाकीचे धीर धरतात. संध्याकाळी ऑस्कर.

मोठा ऑस्कर तासभर कोपऱ्यात काळा पडून आडवा होता. बायको म्हणाली, "अहो, मेला की काय तो?" ऑस्करची ही नेहमीची नाटकं. आठ वाजता गोळ्या टाकल्या तेव्हा पहिला तोच आला आणि पाणी उडून माझा चष्मा भिजला.

८ जून

दोऱ्यापाशी अजून ८ मिमी. आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदलायचं, निघालेलं नारळाला. इन्व्हर्टरवर एअर पंप जोडला, लाइट गेली तरी हवा चालू. झाकण बाकी आहे. खिडकीच्या तुकड्यातून उरलेल्या प्लायचंच करायचंय, पण मामा पंढरपूरच्या वारीला जाणार आहेत, ते आल्यावर. तोवर वर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधलीय. सिल्व्हर डॉलर उडी मारतात.